सीएसआर निधीतून शेतकरी महिलांचा रोजगार उभा करताना: नाशिक जिल्ह्यातील गट, ग्रामसंघ आणि संस्थांसाठी मार्गदर्शन

सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर, समाजमंदिराच्या कोपऱ्यात, नागली (नाचणी) निवडण्याचे आणि दळण्याचे यंत्र निळ्या ताडपत्रीखाली झाकून ठेवलेले होते. यंत्र चांगले होते, त्यावर देणाऱ्या कंपनीच्या नावाची पितळी पाटी होती आणि उद्घाटनाच्या हाराचा वाळलेला दोरा त्या पाटीला तसाच अडकलेला होता. अडचण एवढीच होती की यंत्राला थ्री फेज वीज लागत होती आणि पाड्यावर सिंगल फेज पोहोचलेली होती. वीजजोडणीसाठी धावपळ करून ती मिळेपर्यंत दिवाळी उलटली आणि यंत्र चालवायला शिकलेल्या बाया द्राक्षाच्या कामासाठी दिंडोरी आणि निफाडकडे निघून गेल्या. त्या यंत्रासाठीचा प्रस्ताव आमच्याच हातचा होता. त्यात नऊ पाने होती, महिला सक्षमीकरणावर दोन परिच्छेद होते, पण विजेविषयी एक ओळही नव्हती आणि बाया कोणत्या महिन्यात गावात असतात याचाही उल्लेख नव्हता.

पुढील मार्गदर्शन त्या नऊ पानांच्या चुकांमधून तयार झालेले आहे. महिला बचत गट, ग्रामसंघ (गावातल्या गटांचा संघ), प्रभागसंघ (अनेक ग्रामसंघांचा संघ) आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या लहान संस्था यांनी कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या सीएसआरमधून, शेतीशी निगडित रोजगार कसा उभा करावा, याच्या पायऱ्या येथे क्रमाने दिल्या आहेत. कंपनीत सीएसआर पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनाही त्या उपयोगी पडतील, कारण प्रस्ताव वाचताना कोणते प्रश्न विचारावेत हे त्यांतून कळते.

पहिली पायरी: हंगामाचा आणि हातातल्या पैशाचा हिशोब

प्रस्ताव लिहायला बसण्यापूर्वी किमान दोन संध्याकाळी गावात घालवाव्यात. जेवणे उरकल्यावर मंदिराच्या ओट्यावर किंवा शाळेच्या पडवीत बायांना बसवून जमिनीवर खडूने बारा महिन्यांचे बारा चौकोन आखावेत, प्रत्येकीला मूठभर चिंचोके द्यावेत आणि कोणत्या महिन्यात कामाचे किती दिवस जातात ते चिंचोक्यांनी मांडायला सांगावे. स्वतःच्या शेतातले काम, दुसऱ्याच्या शेतातली मजुरी, गावाबाहेर जाऊन केलेले काम आणि जनावरे, पाणी, सरपण यांसाठी जाणारा वेळ असे चार ढीग केले तर तासाभरात जे चित्र जमिनीवर उमटते, ते कोणत्याही छापील सर्वेक्षण अर्जातून मिळत नाही. पुरुषांना त्या वेळी शक्यतो दूर बसवावे. हे सांगायला थोडे कठोर वाटते, पण नवरा शेजारी बसलेला असला की चिंचोके कमी पडतात.

जिल्ह्यातल्या पंधरा तालुक्यांचे वेळापत्रक एकसारखे नाही, हे या चित्रातून लगेच दिसते. चांदवड, देवळा, येवला या पट्ट्यात उन्हाळ कांद्याचे उळे (बी) टाकल्यापासून बाईचे वर्ष सुरू होते. डिसेंबर-जानेवारीत लागवड, मार्चअखेरपासून काढणी, त्यानंतर चाळीत भरणी आणि पुढे दिवाळीपर्यंत चाळीतला कांदा निवडून सडका बाजूला काढणे, ही सारी कामे प्रामुख्याने बायांच्याच हातची असतात. निफाड आणि दिंडोरीत ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर फेल (नको असलेल्या फुटी) काढणे, विरळणी, घड बुडवणे आणि काढणी असा कामाचा ओघ मार्चपर्यंत टिकतो. सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबकेश्वरच्या डोंगराळ भागात पावसाळ्यात भात आणि नागलीची लावणी होते, दिवाळीच्या आसपास पीक घरात येते आणि त्यानंतर घराला कुलूप लावून कुटुंब द्राक्षपट्ट्यात उतरते. म्हणजे नागली घरात येते त्याच वेळी नागलीवर प्रक्रिया करणारे हात गावाबाहेर जातात. आमच्या यंत्राचे गणित चुकले ते इथेच.

दुसऱ्या संध्याकाळी पैशाविषयी विचारावे. बाजार समितीतली हिशोबपट्टी कोणाच्या नावावर निघते, मजुरी मुकादमाकडे येते की थेट बाईच्या हातात, बँक खात्याला कोणाचा मोबाइल नंबर जोडलेला आहे आणि ओटीपी कोणाच्या फोनवर येतो, हे प्रश्न लहान वाटले तरी सारे काही त्यांवर अवलंबून असते. खाते बाईचे आणि ओटीपी मुलाच्या फोनवर, अशी स्थिती असेल तर उत्पन्न वाढले तरी ते तिच्या हाती आले असे म्हणता येत नाही. तो नंबर बदलून घेण्याला काहीच खर्च येत नाही, म्हणून तो कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही आणि नेमका राहून जातो.

याच बैठकीत जमिनीच्या कागदांचीही विचारपूस करावी. चांदवडला नोव्हेंबर 1986 मध्ये शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन झाले आणि त्यानंतरच्या काळात शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची, म्हणजे पत्नीच्या नावे जमीन करण्याची, मोहीम चालवली. पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याचा शासकीय निर्णय 1992 मध्ये झाला. तरीही याच जिल्ह्यात आजही असंख्य बाया शेतात राबतात आणि कागदावर मात्र शेतकरी नसतात. वनहक्क कायदा 2006 नुसार विवाहितांच्या वनपट्ट्यावर पती-पत्नी दोघांचीही नावे असली पाहिजेत. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या मोर्चाच्या मागण्यांमध्ये वनजमिनीचा प्रश्न अग्रभागी होता आणि त्या मोर्चात डोंगरपट्ट्यातल्या बाया मोठ्या संख्येने चालल्या होत्या. ज्या घरात पट्टा मिळालेला आहे, तेथे पत्नीचे नाव आहे का, हे पाहून ते नसल्यास अर्ज करणे हेही प्रकल्पाचेच काम समजावे, कारण पीककर्ज आणि बहुतेक अनुदाने यांचा रस्ता त्या कागदावरूनच जातो.

दुसरी पायरी: काम निवडणे आणि ते कागदावर मोडून पाहणे

शिलाई यंत्रे, अगरबत्ती, मेणबत्ती आणि पापड ही चार नावे कोणत्याही बैठकीत आपोआप पुढे येतात. ती वाईट नाहीत, पण ती नावे पुढे येतात तेव्हा सहसा गावात काय पिकते आणि बाईला आधीपासून काय येते, हा विचार झालेला नसतो. बाई आज जे काम करते आहे त्यात पैसा कोठे अडतो किंवा गळतो, तेथूनच सुरुवात करणे हा माझ्या मते सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. कल्पना सुचली की तिचा हिशोब एका क्विंटलवर किंवा एका एकरावर मांडून पाहावा.

नागलीच्या पिठाचे उदाहरण घेऊ. 2025-26 च्या खरीप हंगामासाठी नागलीची किमान आधारभूत किंमत क्विंटलला 4,886 रुपये होती, म्हणून कच्चा माल सोयीसाठी 4,900 रुपयांना धरू. पुढचे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, आपल्या गावचे दर त्यांच्या जागी घालावेत. निवडणी आणि दळणात 5 टक्के घट धरली तर 95 किलो पीठ मिळेल. ते किलोला 90 रुपयांनी विकले तर 8,550 रुपये येतील. निवडणे आणि दळणे यांचा खर्च 600 रुपये, पाकिटे आणि लेबल 570 रुपये, दुकानदाराचे कमिशन आणि वाहतूक मिळून विक्रीच्या 15 टक्के म्हणजे सुमारे 1,280 रुपये. हे सारे वजा जाता 1,200 रुपये उरतात. त्यासाठी दोघींचे दोन दिवस, म्हणजे चार दिवसांचे श्रम गेले असतील तर एका दिवसाला 300 रुपये पडले. विजेचे स्थिर बिल, न विकलेली पाकिटे आणि उधारी यांतून अजून वजा व्हायची आहे.

आता हाच आकडा त्या दिवसांतल्या द्राक्षबागेतल्या मजुरीशेजारी ठेवावा. विरळणीच्या ऐन हंगामात मजुरी याहून जास्त मिळत असेल तर बाई पिठाच्या कामाला थांबणार नाही, आणि तिने थांबावे असे आपणही म्हणू नये. पण एप्रिल-मे महिन्यांत किंवा लावणी आटोपल्यावर ऑगस्टच्या शेवटी, जेव्हा तिला दुसरे काम नसते, तेव्हा हेच 300 रुपये मोलाचे ठरतात. त्यासाठी मात्र दिवाळीला निघालेली नागली विकत घेऊन, वाळवून, कीड न लागता उन्हाळ्यापर्यंत साठवावी लागेल. म्हणजे खरी गरज कोरड्या गोदामाची, ताडपत्र्यांची, वजनकाट्याची आणि दिवाळीत खरेदीसाठी लागणाऱ्या खेळत्या भांडवलाची आहे. दळायला तालुक्याची गिरणीही चालेल. ज्या हिशोबाने आमचे यंत्र ताडपत्रीखाली गेले, तो आधी मांडला असता तर आम्ही यंत्र मागितलेच नसते.

द्राक्षपट्ट्यात हिशोब वेगळ्या जागी सापडतो. तेथे बाईला कौशल्य आहे, काम आहे, पण ती टोळीतली मजूर म्हणून रोजंदारीवर येते आणि तिच्या हातचा दर्जा बागाईतदाराला माहीत असूनही त्याची किंमत तिला मिळत नाही. दहा-बारा जणींनी गट म्हणून एकराच्या हिशोबाने उक्ते काम घेतले, बागाईतदाराशी हंगामापूर्वी लेखी बोलणी केली, विरळणीच्या कात्र्या, हातमोजे आणि टोप्या गटाच्या झाल्या आणि जाण्यायेण्याची गाडी गटाने ठरवली, तर मुकादमाकडे जाणारा वाटा गटात राहतो. याच गटातल्या काही जणींना छाटणीचे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण दिले तर, ज्या कामाला जास्त दर मिळतो आणि जे आजवर बहुतांशी पुरुष करत आले, तेही त्यांना घेता येते. मोठी इमारत नाही, यंत्र नाही, म्हणून असा प्रकल्प कंपनीला छायाचित्रात दाखवायला अवघड जातो, पण पहिल्याच हंगामात उत्पन्न वाढवण्याची ताकद त्यात असते. सोबत बागेजवळ पाळणाघर आणि फिरते शौचालय यांचा खर्च अवश्य धरावा. विरळणीच्या वेळी सहा महिन्यांचे मूल वेलीखाली साडीच्या झोळीत टांगून काम करणारी आई ज्याने पाहिली आहे, त्याला हा खर्च वरकड वाटणार नाही.

कांद्याच्या पट्ट्यात लासलगाव आणि पिंपळगावसारख्या बाजारपेठा हाकेच्या अंतरावर असल्यामुळे विक्रीची सोय आहे, पण भावाची खात्री नाही. तेथे महिला गटाने स्वतःच्या नावाने कांदा खरेदी-विक्रीच्या व्यापारात उतरण्याचा सल्ला मी देणार नाही. एका पडत्या हंगामात गटाची सर्व बचत बुडू शकते. त्यापेक्षा रोपवाटिका, बीजोत्पादन किंवा चाळीतल्या निवडणी-प्रतवारीचे कंत्राट ही कामे कमी जोखमीची आहेत. नांदगाव आणि मालेगावच्या कोरड्या भागात शेळीपालनाला पर्याय शोधणे कठीण आहे, मात्र शेळ्या वाटण्यापूर्वी लसीकरण करणारी पशुसखी गावात तयार असली पाहिजे. क्रम उलटा झाला की पहिल्याच पावसाळ्यात शेळ्या मरतात.

तिसरी पायरी: कायदा नेमका काय म्हणतो

कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार, मागील आर्थिक वर्षात ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता 500 कोटी रुपये किंवा अधिक, किंवा उलाढाल 1,000 कोटी रुपये किंवा अधिक, किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये किंवा अधिक असेल, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च केली पाहिजे. ही तरतूद 1 एप्रिल 2014 पासून लागू आहे. कोणत्या कामांवर खर्च करता येतो ते सातव्या अनुसूचीत दिलेले आहे. उपजीविका वाढवणारे प्रकल्प, महिलांचे सक्षमीकरण, रोजगारक्षम कौशल्ये आणि ग्रामीण विकास हे सर्व त्यात येते. प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर आपले काम त्यातील कोणत्या बाबीत बसते ते लिहावे, म्हणजे अधिकाऱ्याचे काम सोपे होते.

पैसा कोणाला घेता येतो, हा प्रश्न मात्र बारकाईने समजून घ्यावा लागतो. कंपनी स्वतः काम करू शकते किंवा अंमलबजावणी संस्थेमार्फत करू शकते. बाहेरची संस्था असेल तर ती कलम 8 खालील ना-नफा कंपनी, नोंदणीकृत सार्वजनिक न्यास किंवा नोंदणीकृत सोसायटी असावी लागते, तिच्याकडे आयकर कायद्याखालील करसवलतीच्या नोंदण्या (1961 च्या कायद्यातील 12ए आणि 80जी) आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो. 1 एप्रिल 2021 पासून अशा संस्थेने कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-1 हा अर्ज भरून क्रमांक घेणेही बंधनकारक झाले आहे.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक, बचत गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी ही सहसा अंमलबजावणी संस्था होऊ शकत नाही. उत्पादक कंपनी ही सभासदांच्या नफ्यासाठी असते, त्यामुळे महिलांच्या उत्पादक कंपनीने थेट अर्ज केला तर तो बहुधा परत येईल. तिने पात्र संस्थेला सोबत घ्यावे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची असून फारशी कोणाला माहीत नसते. प्रकल्पातून तयार झालेली भांडवली मालमत्ता, म्हणजे गोदाम, यंत्र, गाडी, कंपनीला स्वतःच्या मालकीची ठेवता येत नाही. ती पात्र संस्थेकडे, सार्वजनिक प्राधिकरणाकडे किंवा लाभार्थ्यांच्या बचत गटाच्या अथवा सामूहिक संघटनेच्या नावावर ठेवता येते. म्हणजे ग्रामसंघाच्या बाया पहिल्या दिवसापासून मालक होऊ शकतात. मध्यस्थ संस्था ही गोष्ट आपणहून सांगेलच असे नाही, म्हणून ती बायांनी स्वतः मागावी.

खर्चाच्या बाबतीत एक गैरसमज जागोजागी आढळतो. प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांच्या आत हवा, असे सांगून कार्यकर्तीच्या पगारावर काट मारली जाते. ती 5 टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापन खर्चावर आहे. विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट झालेला खर्च त्या व्याख्येतून वगळलेला आहे. गावात रोज जाणाऱ्या ताईचा पगार आणि तिच्या दुचाकीचे पेट्रोल हा प्रकल्पाचाच खर्च आहे, हे नम्रपणे पण ठामपणे मांडावे. माणसाचा पगार कापून यंत्राची किंमत वाढवलेले अंदाजपत्रक मी तरी यशस्वी झालेले पाहिलेले नाही.

काही गोष्टी या निधीत बसत नाहीत. कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेले काम वगळलेले आहे, त्यामुळे द्राक्षे किंवा टोमॅटो विकत घेणाऱ्या प्रक्रिया कंपनीने आपल्याच पुरवठादारांना दिलेल्या मदतीला सीएसआर म्हणताना जपून पावले टाकावीत. जाहिरातीसाठीचे प्रायोजकत्वही चालत नाही. संस्थेच्या कायमस्वरूपी निधीत, म्हणजे कॉर्पसमध्ये, रक्कम टाकून ठेवणे 22 जानेवारी 2021 पासून ग्राह्य धरले जात नाही. म्हणून खेळते भांडवल बँकेकडून मिळवणे श्रेयस्कर ठरते. राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियानातील बचत गटांना 20 लाख रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेला तारण मागता येत नाही. प्रक्रिया उद्योगातील गटांसाठी पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रति सदस्य 40,000 रुपयांपर्यंत बीज भांडवलाची तरतूद आहे. तिची मुदत तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्यावी. साधने आणि माणूस सीएसआरमधून, भांडवल बँकेतून, अशी वाटणी केली की दोन्हीकडे प्रस्ताव हलका होतो.

चौथी पायरी: कंपनी शोधणे आणि भेटीला जाणे

कायद्यात कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावे असे म्हटले आहे. त्यामुळे सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे आणि दिंडोरी येथील औद्योगिक वसाहतींपासून शोध सुरू करावा. ओझरला सार्वजनिक क्षेत्रातला विमान कारखाना आहे. बँका आणि विमा कंपन्या यांचाही विचार करावा. कंपनीचे सीएसआर धोरण, समितीतील सदस्य आणि मंजूर प्रकल्प यांची माहिती तिच्या संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे आणि केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सीएसआर संकेतस्थळावर कोणत्या कंपनीने कोठे, कशावर किती खर्च केला हे पाहता येते. ज्या कंपनीने तीन वर्षे फक्त शाळांवर खर्च केला आहे, तिच्याकडे शेळ्यांचा प्रस्ताव घेऊन जाण्यात वेळ घालवू नये.

वेळही साधावी लागते. वार्षिक कृती आराखडा बहुधा आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला ठरतो, म्हणून डिसेंबर ते मार्च या काळात ओळख करून घ्यावी आणि प्रस्ताव तयार ठेवावा. फेब्रुवारीच्या शेवटी एखादी कंपनी स्वतःहून फोन करून "पंधरा दिवसांत खर्च दाखवता येईल का?" असे विचारते. अशा वेळी मोह होतो. त्या घाईत घेतलेली साधने पुढे ताडपत्रीखाली जातात. चालू प्रकल्प सुरुवातीच्या आर्थिक वर्षाव्यतिरिक्त तीन वर्षांपर्यंत चालवता येतो आणि त्याची अखर्चित रक्कम वर्ष संपल्यापासून 30 दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवून पुढे वापरता येते, हे त्या अधिकाऱ्याला दाखवून द्यावे. बऱ्याचदा त्याची सुटका त्यातच असते.

भेटीला ग्रामसंघाच्या अध्यक्षा आणि कोषाध्यक्षा यांना सोबत न्यावे. समोरची व्यक्ती अनेकदा मनुष्यबळ विभागातली असते आणि सीएसआर ही तिची अतिरिक्त जबाबदारी असते. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "लाभार्थी किती?" पाचशे बायांना एक दिवसाचे प्रशिक्षण की चाळीस जणींना दोन वर्षे साथ, यातला फरक तेथे भाषणाने पटत नाही. एका बाईचा बारा महिन्यांचा चिंचोक्यांचा तक्ता कागदावर उतरवून समोर ठेवावा आणि त्यावर बोलण्याचे काम त्या बाईवरच सोपवावे.

पाचवी पायरी: प्रस्ताव

प्रस्ताव सहा-सात पानांचा पुरे. गाव आणि बाया कोण, आज त्यांचे काम आणि मिळकत काय, अडचण नेमकी कोठे, आपण काय करणार, कोणत्या महिन्यात काय होणार, किती खर्च आणि तीन वर्षांनंतर हे कोण चालवणार, एवढे त्यात असावे. सोबत ग्रामसंघाच्या बैठकीचा ठराव, जागा लागणार असल्यास ग्रामपंचायतीचा ठराव आणि जागेचा उतारा, महावितरणकडून वीजजोडणीची लेखी स्थिती, यंत्रांची किमान तीन दरपत्रके आणि दुरुस्ती करणारा माणूस किती अंतरावर आहे याची नोंद जोडावी. खासगी जागेवर, मग ती सरपंचांच्या चुलत्यांची का असेना, पक्की इमारत उभारू नये. चुलते आज चांगले असतात.

अंदाजपत्रकात बायांचा वाटाही दाखवावा. दहा टक्के रोख किंवा श्रमाच्या रूपाने दिला तरी चालतो, पण तो खरोखर जमा झाला पाहिजे. प्रशिक्षणाच्या दिवशी बुडालेल्या मजुरीची भरपाई अंदाजपत्रकात धरणे मी आवश्यक मानतो. ती नसेल तर प्रशिक्षणाला गरजू बाई येत नाही, जिला परवडते ती येते.

सहावी पायरी: करार आणि पहिले वर्ष

कंपनी, संस्था आणि ग्रामसंघ या तिन्ही बाजूंच्या सह्यांचा करार मराठीत करावा. इंग्रजी मसुद्याचे भाषांतर मिळेपर्यंत सही करू नये. हप्ते कोणत्या कामानंतर मिळणार, ते हंगामाशी जुळतात का, मालमत्ता कोणाच्या नावावर, पाटी केवढी आणि कोठे, बायांची छायाचित्रे कोणाच्या परवानगीने वापरणार, हे सारे त्यात यावे. नागली साठवणुकीच्या साधनांचा हप्ता जानेवारीत आला तर तो निरुपयोगी असतो. प्रत्येक हप्त्यासाठी खर्चाचा दाखला, पावत्या आणि बैठकीचे इतिवृत्त लागणार, म्हणून पावती फाडण्याची सवय पहिल्या आठवड्यापासून लावावी. आठवडी बाजारातल्या किरकोळ खरेदीची पावती मिळत नाही, त्यासाठी दोघींच्या सहीचे खर्च व्हाउचर चालेल का, हे कंपनीच्या हिशोब विभागाला आधीच विचारून लेखी घ्यावे.

पहिल्या वर्षी विक्री हेच शिक्षण असते. प्रशिक्षणाची संख्या कमी ठेवून गटातल्या दोघीतिघींना बाजारात, दुकानात, सोसायट्यांमध्ये माल घेऊन पाठवावे. अन्नपदार्थ असेल तर अन्न सुरक्षा नोंदणी, वजन, तारीख आणि पत्ता असलेले लेबल यांत तडजोड नको. कंपनीच्या उपाहारगृहाने किंवा दिवाळीच्या भेटवस्तूंसाठी माल घेतला तर आनंदच आहे, पण एकूण विक्रीच्या निम्म्याहून अधिक माल त्या एकाच गिऱ्हाइकाकडे जाऊ लागला तर सावध व्हावे. अधिकारी बदलतो आणि ऑर्डर थांबते.

सातवी पायरी: मोजणी आणि हस्तांतर

मोजायच्या गोष्टी चारपाचच ठेवाव्यात: बाईला मिळालेले कामाचे दिवस, तिच्या स्वतःच्या खात्यात आलेली रक्कम, घरकाम आणि हे काम मिळून दिवसाचे एकूण तास, गटाची उधारी आणि वसुली. तासांची नोंद टाळू नये. उत्पन्न वाढले आणि झोप दोन तासांनी कमी झाली, असे अनेक "यशस्वी" प्रकल्पांत घडते आणि अहवालात ते दिसत नाही. केंद्र सरकारच्या लखपती दीदी उपक्रमात वर्षाला एक लाख रुपये किंवा अधिक कौटुंबिक उत्पन्नाचा निकष आहे. तो आकडा कुटुंबाचा आहे, त्यातला किती भाग बाईच्या हातात पडला ते वेगळे लिहावे. ज्या कंपन्यांचे सरासरी सीएसआर दायित्व 10 कोटी रुपये किंवा अधिक आहे, त्यांना 1 कोटी आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांचे स्वतंत्र परिणाम मूल्यांकन करून घ्यावे लागते. लहान प्रकल्पाला ती सक्ती नाही, पण सुरुवातीचे चिंचोक्यांचे तक्ते जपून ठेवले असतील तर तेच दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा मांडून तुलना करता येते.

हस्तांतराची तयारी शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच करावी. त्या वर्षात कार्यकर्तीच्या पगाराचा वाटा दर तीन महिन्यांनी गटाच्या उत्पन्नावर ढकलत न्यावा. गट तो उचलू शकत नसेल तर प्रकल्प वाढवण्याऐवजी त्याचा आकार कमी करावा. शेवटच्या बैठकीत मालमत्तेची यादी वाचून ग्रामसंघाच्या नोंदवहीत उतरवावी, बँक खात्यावरील संस्थेची सही काढून टाकावी, विमा आणि दुरुस्तीचा करार ग्रामसंघाच्या नावे करावा.

त्या पाड्यावरच्या यंत्राचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. दोन वर्षांनी ते ग्रामसंघाने थ्री फेज असलेल्या शेजारच्या मोठ्या गावातल्या महिला गटाला भाड्याने दिले. भाडे महिन्याला ग्रामसंघाच्या खात्यात येते आणि त्या पैशांतून पाड्यावरच्या बायांनी दिवाळीत खरेदी केलेली नागली ठेवण्यासाठी पत्र्याच्या कोठ्या घेतल्या. वीजमीटर अजूनही समाजमंदिराच्या भिंतीवर आहे. त्याचे बिल कोणाच्या नावे यावे, यावर पुढच्या बैठकीत ठराव व्हायचा आहे.